पंगतीआधीचं पान

लग्नाच्या जेवणाचा ठेका घेणाऱ्या माणसाने पहिला आकडा खरा धरला की तो संपला. आमच्यात जेवणाऱ्या माणसाला 'पान' म्हणतात. मुलीचा बाप येतो आणि म्हणतो, "शेठ, चारशे पानं धरा." म्हणजे सहाशे. ठेका कमीत पडावा म्हणून तो आकडा खाली ओढतो, ऐनवेळी अन्न कमी पडू नये म्हणून मी वर ओढतो. मग कुठंतरी साडेपाचशेला दोघांचं जमतं आणि आपण समोरच्याला गुंडाळलं असं समजून दोघंही खुशीत चहा पितो. अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं. जन्मात मला एकच विद्या आली, ती ही.

आष्टीचे एक निवृत्त गुरुजी तीनशेवरून हलायला तयार नव्हते. म्हणाले, "पत्रिकाच तीनशे छापल्या आहेत. हिशेब सरळ आहे."

मी म्हटलं, "गुरुजी, एका पत्रिकेला किती माणसं येतात?"

"पत्रिकेवर एकाचंच नाव असतं."

"तुमच्या नावाची पत्रिका आली तर तुमी एकटे जाता का?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मागच्या महिन्यात आपण नऊजण गेलतो, सांगा की." आम्ही सातशेवर आलो, आणि सातशे तीस जेवून गेले.

आकड्याच्या मागे बऱ्याच गोष्टी असतात. दिवाळीनंतर लग्न असेल तर आष्टीकडचं अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं असतं, पानं कमी. तीच माणसं गुढीपाडव्याच्या सुमाराला परतली की पानं दुप्पट, आणि ती माणसं अंगमेहनतीची, भाताला दोनदा हात पुढे करणारी. उमापुरात वरण जास्त लागतं. शहरातली मंडळी असली की पुरी उरते आणि पनीर संपतं. उन्हाळ्यात मठ्ठा दीडपट धरावा. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे, मी माजलगावच्या स्टँडवर एका हॉटेलात भांडी घासायचो. तिथून हे सगळं डोळ्यांनी शिकलो.

माझा स्वभाव तापट आहे, हे इथेच कबूल करतो. एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला की पुऱ्या कच्च्या आहेत. पुऱ्या कच्च्या नव्हत्या. मी पुऱ्यांची अख्खी परात त्याच्या देखत गुरांपुढे उलटी केली आणि नव्याने कणीक मळायला लावली. पंगत एक तास खोळंबली. मामा नंतर जेवला, सात पुऱ्या खाल्ल्या. पण ते लोक पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. असं मी रागाच्या भरात पुष्कळ घालवलंय.

हे सगळं सांगून झालं. खरं सांगायचंय ते वैजनाथआप्पाबद्दल.

आप्पा त्या हॉटेलातला आचारी. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. कढईतलं तेल तापलं की नाही हे तो वासावरून सांगायचा. त्यानंच मला भांड्यांवरून उठवून भट्टीजवळ आणलं. पुढे मी ठेके घ्यायला लागलो तेव्हा तो माझ्याबरोबर आला. तोंड माझं आणि हात त्याचा, असं आमचं ठरलेलं. लोक मला शेठ म्हणायचे. तो मात्र 'अंकुश' आणि चिडला तर 'अंकुश्या'.

धंद्यात सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा जवळच्या एका गावी दुसऱ्या कुणाच्या तरी जेवणातून माणसांना उलट्या झाल्या. झालं, बाहेरचा आचारी म्हटलं की लोक हात झटकायला लागले. अशात एका घरी बोलणी चालली होती. सगळं ठरत आलं होतं आणि कोपऱ्यात बसलेली म्हातारी म्हणाली, "आन् मानसं आजारी पडली तर बाबा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, पंगतीच्या आधी आमचा आचारी तुमच्यासमोर पोटभर जेवल. त्याला काही झालं न्हाई तर मग तुमी जेवा."

म्हातारीला ते पटलं. ठेका मिळाला. त्या दिवसापासून ती आमची ओळखच झाली. नैवेद्य निघाला की घरातल्या मोठ्या माणसांसमोर पाट मांडायचा, भरगच्च पान वाढायचं आणि आप्पानं ते शेवटच्या शितापर्यंत खायचं. त्याला लोक 'आप्पाचं पान' म्हणायला लागले. बाकीचे ठेकेदार भाव पाडायचे. मी आप्पाला पाटावर बसवायचो.

तो खायचाही असा, की बघणाऱ्याला भूक लागावी. आंघोळ करून, पांढरा सदरा घालून बसायचा. पाच पुऱ्या, दोन भाज्या, वरणभात, चार-पाच जिलब्या, वर दोन ग्लास मठ्ठा. दाट तिथीला दिवसात दोन लग्नं. अशी अठरा वर्षं. ते अन्न त्याच्या अंगावर साठत होतं. मला दिसत होतं, पण मला त्यात जाहिरात दिसत होती. "आचारी बघा आमचा," मी म्हणायचो, "जेवण कसं असल ते त्याच्याकडं बघूनच कळतंय." आप्पा हसायचा. तेव्हा हसायचा.

मग त्याचे गुडघे गेले. साखर वाढली. भट्टीसमोर उभं राहता येईना, स्टुलावर बसून झारा फिरवायचा. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबायचा. शांतावैनी, म्हणजे आप्पाची बायको, एकदा मला म्हणाली, "भावजी, मी रोज ह्यांच्या नाकाजवळ हात धरून बसते. कधीतरी मला डोळा लागल आन् हे जातील."

मी त्याला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. मी नेलं, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण आता माजलगावपासून बीडपर्यंत कुणालाही विचारा, तो एवढंच सांगेल की अंकुशशेठनं आप्पाला खाऊ घालून मारायला काढलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं ते मी. वैनीला तयार केलं ते मी. चार दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपलो तो मी. हे कुणाच्या लक्षात नाही.

ऑपरेशन असं होतं, की पोटाची पिशवी अगदी लहान करून आतड्याची वाट बदलतात. माणूस थोडक्यात भरतो आणि वजन उतरतं. पण त्यानंतरचे महिने खरे. तिथल्या आहाराच्या मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील. आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. प्रत्येक घास पेस्ट होईपर्यंत चावायचा. पहिला मान डाळीला, अंड्याला, पनीरला, दह्याला, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. एका वेळी अर्धी वाटी. गोड आणि तळलेलं बंद. तीन महिने तर काम, प्रवास, लग्नकार्याचं जेवण यांचं नावही काढायचं नाही, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर.

मी सवयीनं विचारलं, "मॅडम, तीन महिने म्हणजे पक्के किती?"

"पक्के तीन महिने."

"आपण दोन धरू. मग पुढचं पुढं बघू."

"धरू म्हणजे?"

"म्हणजे तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं."

कॉटवरून आप्पा म्हणाला, "मॅडम, ह्याच्या नादी लागू नका. हा यमाला बी म्हणल, दोन दिवस मागं-पुढं करा."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, मी सांगितलंय ते कमीत कमी आहे. त्याच्याखाली काही नाही."

आता मला सांगा, हे वाक्य मी आयुष्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल? कापडवाला म्हणतो, मंडपवाला म्हणतो, मी स्वतः रोज म्हणतो. आणि दर वेळी त्याच्याखाली काहीतरी असतंच. डॉक्टर लोक तीन सांगतात ते माणसानं निदान दोन पाळावेत म्हणून, असं मी मनात धरलं आणि बॅग उचलली.

आप्पानं मात्र तसं धरलं नव्हतं. घरी आल्यावर त्यानं पथ्य असं पाळलं, की मी चकित झालो. हजारो माणसांचा शिरा करणारा माणूस चुलीसमोर बसून मुगाच्या डाळीचं पाणी कसं चवदार लागेल ते शोधत बसायचा. जिऱ्याची फोडणी तुपाच्या एका थेंबात. ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड. पुढे घोटलेल्या डाळीत शेवग्याचा पाला इतका बारीक, की जिभेला कळू नये. दह्यात मळलेलं पनीर. उकडलेलं अंडं काट्यानं मोडून त्यावर लिंबाचे दोन थेंब. नातवाला औषध पाजायचा चमचा त्यानं स्वतःसाठी घेतला होता. चार चमचे खायला अर्धा तास. मी समोर बसलो की माझाच जीव जायचा. मी म्हणायचो, "आप्पा, गीळ की आता!"

तो बोट वर करून मला थांबवायचा आणि चावत राहायचा.

एकदा घाई झाली आणि अंड्याचा घास छातीत अडकला. घामाघूम होऊन तो अंगणात येरझारा घालत राहिला. त्यानंतर त्याला एक खूण सापडली. पोट भरत आलं की त्याचं नाक गळायला लागायचं किंवा एक उचकी यायची. तेवढ्यावर तो चमचा खाली ठेवायचा. "घंटी वाजली," म्हणायचा. वाटीत एक चमचा उरला असला तरी त्याला तोंड लावायचा नाही. अन्न टाकायचं नाही असं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेला माणूस तो. उरलेला चमचा टाकताना त्याला किती जड गेलं असेल, हे मला आत्ता कळतं.

दोन महिन्यांत तो मांडी घालून बसायला लागला. डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या कमी केल्या. वैनीच्या तोंडावर झोप झाल्याचं दिसायला लागलं. फक्त एक गोष्ट त्यानं माझ्याकडून शपथेवर घेतली. "अंकुश, हे कुणाला सांगू न्हको. पोट कापलेल्या आचाऱ्याच्या हातचं कोण खाईल? लोकं म्हणतील, ह्यालाच पचंना."

मी गळ्याची शपथ घेतली.

ऑपरेशनला दहा आठवडे झाले आणि माजलगावच्या बाजूचं एक लग्न आलं. धरणाच्या पाण्यावरचे बागायतदार, दीड हजार पानं. घरातले कर्ते पुरुष म्हणजे अण्णासाहेब. बोलण्यात एकच अट, "आप्पा पाटावर बसला पायजे. आमच्या थोरल्या पोराच्या लग्नात बसला होता, तसाच." मी दुसऱ्या आचाऱ्याचं नाव काढून बघितलं. त्यांनी हात हलवला. हे घर हातचं गेलं असतं तर त्या पट्ट्यातली पुढची पाच लग्नं गेली असती.

मी आप्पाकडे गेलो. वैनी दारातच उभी राहिली. "भावजी, मॅडमनी तीन म्हैने सांगितलेत."

"वैनी, दहा आठवडे झाले. तीन म्हणजे अडीच असतेतच."

"कावून असतेत? तुमी ठरवलं म्हणून?"

मला राग आला. ऑपरेशनला मी नेलं, आता मलाच अक्कल शिकवता, असं काहीतरी मी बोललो. आप्पा आतून उठून आला. म्हणाला, "जाऊ दे गं. दोन घास चाखीन आन् उठीन. भट्टी बघून मला बी लई दिवस झाले." त्यालाही जायचं होतं, हे खोटं नाही. पण मी गेलो नसतो तर तो घरातून हलला नसता, हेही खोटं नाही.

लग्न दुपारचं होतं. आप्पानं सकाळपासून स्टुलावर बसून सगळं करून घेतलं. नैवेद्य निघाला. मी वाढप्याला सांगून ठेवलं होतं, पान लहान वाढ. अर्धी पुरी, चमचाभर वरण, भाजीचं बोट. आप्पा पाटावर बसला. पांढरा सदरा त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता.

अण्णासाहेब खाली वाकून बघायला लागले. "हे काय रं शेठ? हे आप्पाचं पान का लेकराचं?"

सगळे हसले.

"आन् आप्पा, तू वाळलास की रं! हा खायाला देत न्हाई का तुला?"

अजून हसले. अण्णासाहेबांनी वाढप्याच्या ताटातून स्वतःच्या हातानं जिलबी उचलली आणि आप्पाच्या तोंडासमोर धरली. आमच्याकडे कार्याच्या घरी मोठ्या माणसानं हातानं भरवलेला घास नाकारत नाहीत. तो मान असतो. तोंड फिरवलं तर तो त्या घराचा अपमान.

आप्पानं माझ्याकडे बघितलं.

त्याला काय विचारायचं होतं, ते मला कळलं होतं. बाकी मी पुष्कळ सबबी सांगत आलो, ही सांगणार नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं. अण्णासाहेब, त्याला पथ्य आहे. एवढंच. आजारपणाचं नाव सांगायचीही गरज नव्हती. पण पथ्य म्हटलं की कसलं पथ्य हा प्रश्न आला असता, त्याच्यामागे दुसरा, आणि ठेका डळमळला असता. मी मान हलवली. खा.

त्यानं खाल्लं. अण्णासाहेबांनी तीन जिलब्या भरवल्या, वर एक पुरी, वर मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा उठला आणि भट्टीमागे गेला.

पंधरा मिनिटं झाली असतील. पहिली पंगत बसली होती, वाढून झालं होतं, श्लोक संपत आला होता. आप्पा भट्टीमागून बाहेर आला. अंगातून पाणी निथळत होतं, चेहरा राखेसारखा. दोन्ही हात पोटावर. पंगतीच्या तोंडाशीच तो गुडघ्यावर बसला, उलटी झाली आणि आडवा पडला.

कुणीतरी ओरडलं, "आचारी पडला! खाऊ नका रं, जेवनात कायतरी हाय!"

सगळी पंगत एकदम उठली. बायकांनी पोरांच्या हातातले घास काढून घेतले. अठरा वर्षं मी लोकांना एकच शिकवलं होतं, की आप्पाला काही झालं नाही तर जेवा. ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं.

आमचा टेम्पोवाला सलीम गाडी घेऊन आला. चौघांनी आप्पाला उचललं. मी त्याच्याबरोबर निघालो होतो, हे खरंच सांगतो, दोन पावलं टाकली होती. अण्णासाहेबांनी माझा दंड धरला. "कुठं निघालास बे? दीड हजार माणूस उपाशी उठलंय माझ्या दारात. ह्याचं काय?"

मी थांबलो. मग खुर्चीवर चढलो आणि पूर्ण ताकदीनं ओरडलो, "जेवणात काही न्हाई! त्याचं पोट कापलंय! ऑपरेशन झालंय त्याचं, गोड चालत न्हाई त्याला, म्हणून पडलाय!"

टेम्पोचा फाळका अजून लावायचा होता. आप्पा शुद्धीवर होता. त्यानं ते ऐकलं.

लोक कुजबुजायला लागले, पण बसेनात. तेव्हा मी आप्पाच्या पाटावर बसलो आणि म्हटलं, "वाढा. भरून वाढा." वाढप्यानं सगळं वाढलं. मी सगळ्यांच्या देखत जेवायला लागलो. माझ्याभोवती माणसांचं कडं होतं आणि त्याच्यापलीकडे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मी मान वर केली नाही. पुऱ्या, भाज्या, वरणभात, जिलब्या, मठ्ठा, सगळं पान संपवलं. उठलो, हात धुतले आणि म्हटलं, "बघा." एक म्हातारा बसला. मग दुसरा. मग पंगत भरली.

दीड हजार माणूस जेवलं. एकाचंही पोट दुखलं नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत मी तिथं उभा होतो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आप्पाला सलाईन लावलं होतं. टाके शाबूत होते. डॉक्टर म्हणाले, गोड आणि पातळ एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, नाडी धावते, घाम फुटतो, माणूस कोसळतो, आणि वरून त्यानं पोटाच्या मानाने फार खाल्लं होतं. नशीब थोर म्हणून निभावलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मी पायाशी उभा राहिलो. वैनी म्हणाली, "आता तुमी या."

मी आहाराच्या मॅडमना फोन केला. मला वाटत होतं, त्या झापतील, मी चिडेन, दोन्हीकडून आवाज चढेल आणि छाती मोकळी होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परत पातळापासून सुरू करा. लिहून घेता का?" मी लिहून घेतलं.

अण्णासाहेब आता सांगत फिरतात, की मी आजारी आचारी लपवून आणला होता. जिलबी भरवणारा हात कुणाचा होता, ते कुणी विचारत नाही. त्यांच्या दाराची अब्रू मी वाचवली, त्याबद्दल एक शब्द नाही. ही सल माझ्या मनात आहे आणि ती जाणार नाही. पण मला राग येतो तो त्यांच्याइतकाच दुसऱ्या एका माणसाचा, जो खुर्चीवर चढला होता.

आप्पानं भट्टी सोडली. पंगतीआधीचं पान मी बंद केलं. माझ्या वाढप्यांना आता एकच ताकीद आहे, पानावर ज्यानं आडवा हात धरला त्याला पुन्हा विचारायचं नाही. 'एवढं तरी घ्या' नाही, 'माझ्यासाठी एक' नाही. त्याच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. यावरून दोन घरचे व्याही रुसले. रुसू देत.

दोन वर्षं मी आप्पाच्या दारात गेलो नाही. यंदा पाडवा झाल्यावर गेलो. मनात एक बोलणं तयार करून गेलो होतो. खुर्चीवर बसून नुसती देखरेख कर, चाखायचं दुसरा कुणी बघेल, येण्याजाण्याला गाडी. कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबायचं, सगळं ठरवलं होतं.

वैनीनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. आप्पा जेवत होता. निम्म्याने उतरला होता, पण चेहऱ्यावर तजेला होता. समोरच्या वाटीत मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ, अंड्याचं पांढरं, चमचाभर मेथी. शेजारी चतकोर भाकरी, तिला अजून हात लागला नव्हता. त्यानं मला बसायची खूण केली. मी बसलो. तो चावत राहिला. या खेपेला मी 'गीळ' म्हटलं नाही.

तोंडातला घास संपला तेव्हा तो बोलला. "त्या दिवशी गाडीत मी सलीमला इचारलं, अंकुश कुठाय. तो म्हणला, जेवतोय."

मी म्हटलं, "आप्पा, दीड हजार माणूस..."

"ते कळतंय मला. धंद्याचं कळतंय. मी दुसरं इचारतोय. कसं झालतं?"

"काय?"

"जेवन. माझ्या हातचं शेवटचं होतं ते. जिलबी, पुरी आन् मठ्ठा सोडून मला काही चाखाया मिळालं न्हाई. तू तर समदं पान खाल्लंस. वरण कसं झालतं? वांग्याला मीठ बरोबर होतं?"

'एक नंबर' हे शब्द ओठांवर आले होते. मी ते किती हजार वेळा म्हटले असतील, न चाखलेल्या अन्नाबद्दल, न बघितलेल्या मालाबद्दल. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी खरंच आठवायला लागलो. मला अण्णासाहेबांच्या चपला आठवल्या. कडं करून उभ्या राहिलेल्या माणसांचे पाय आठवले. टेम्पोचा आवाज आठवला. वरणाची चव आठवेना. वांग्याची आठवेना. त्या अख्ख्या पानातलं मीठ, तिखट, काही म्हणजे काही आठवेना.

"न्हाई आठवत, आप्पा," मी म्हटलं.

 मग त्यानं चमचा खाली ठेवला, वाटीवर झाकण ठेवलं आणि आत हाक मारली, "अगं, शेठ निघालेत."

त्यानं मला कधीच शेठ म्हटलं नव्हतं.